मागे ठेवावयाचा निरोप : दूरध्वनीच्या कळांचा एक पाठ

शेतकऱ्याचा निम्मा व्यवहार निरोपावर चालतो. गाडी निघाली, मजूर उद्या धाडा, बियाणे आले किंवा कसे ते कळवा, औषध किती घालावे ते विचारा, असे दहा निरोप दिवसातून इकडून तिकडे जातात. पूर्वी हे निरोप माणसाच्या तोंडी जात. निरोप्या विसराळू असला, तरी त्याच्या ठिकाणी एक मोठा गुण असे. त्यास उलट प्रश्न विचारता येई. ‘किती पोती म्हणाले? आजची की उद्याची? पैसे रोख की उधार?’ असे विचारले म्हणजे तो डोके खाजवून का होईना, काही उत्तर देई.

आता निरोप यंत्राच्या स्वाधीन करण्याची चाल पडली आहे. पलीकडच्या गृहस्थाने दूरध्वनी उचलला नाही, तर शिट्टी वाजते आणि आपण जे बोलू ते साठविले जाते. परंतु ह्या नव्या निरोप्यास उलट प्रश्न विचारता येत नाहीत. आपण बोललो तेवढेच तो सांगतो, आणि चुकून बोललो असू तर ती चूकही अक्षरशः सांगतो. ह्यास्तव ऐकणाऱ्याच्या मनात जो प्रश्न उभा राहील, त्याचे उत्तर आधीच निरोपात घालून ठेवणे, आणि यंत्राने दिलेल्या कळा वापरून तो निरोप पाठविण्यापूर्वी स्वतः ऐकून पाहणे, ही दोन कामे निरोप ठेवणाराची आहेत. ती कशी करावी हे ह्या पाठात सांगावयाचे आहे.

रबाळ्यास अडलेली गाडी

प्रथम आमचीच फजिती सांगतो. गेल्या पावसाळ्यात टोमॅटोची एक गाडी आम्ही वाशीच्या बाजारसमितीकडे रवाना केली होती. ठाणे–बेलापूर मार्गावर रबाळे स्थानकासमोर ती रात्री दोनच्या सुमारास बंद पडली. बाजार तेथून लांब नव्हे. आगगाडीने म्हणाल तर घणसोली, कोपरखैरणे आणि तिसरे स्थानक तुर्भे. परंतु भाजीचा बाजार उजाडण्यापूर्वीच भरात येतो, आणि ज्याचा माल त्या वेळी गाळ्यावर नाही, त्याचा भाव सूर्याबरोबर वर चढत नाही, खालीच येतो.

चालकाचा फोन येताच आम्ही आडत्याच्या गाळ्यावर दूरध्वनी केला. तो कोणी उचलला नाही. यंत्र म्हणाले, ‘शिट्टीनंतर निरोप ठेवा. निरोप संपल्यावर हॅश दाबा.’ आम्ही घाईघाईने म्हणालो, ‘अहो शेठ, गाडी रबाळ्याला बंद पडली आहे, साठ कॅरेट आहेत, लवकर काही तरी करा,’ आणि हॅश न दाबताच फोन ठेवून दिला.

शेठजींनी निरोप ऐकला तो थोड्याच वेळात. त्यांनी हयगय केली नाही, लगेच टेम्पोही धाडला. पण तो तीनचाकी होता, कारण त्यांस ‘साठ’ न ऐकू येता ‘आठ’ ऐकू आले. शिवाय गाडी रबाळ्यात नेमकी कोठे, रस्त्याच्या कोणत्या बाजूस, चालकाचा क्रमांक कोणता, ह्यातील एकही गोष्ट आम्ही सांगितली नव्हती. टेम्पोवाला अर्धा तास शोधीत फिरला. अखेर गाडी सापडली तेव्हा आठ-दहा कॅरेट त्यात मावले. बाकीचे दुसरे वाहन येईतोवर पावसातच राहिले. सर्व माल गाळ्यावर लागला तेव्हा चांगले उजाडले होते आणि मोठे खरेदीदार पांगले होते. पट्टी हाती आली तेव्हा आम्ही ती दोनदा वाचली.

ह्यात आडत्याचा दोष नाही, यंत्राचाही नाही. हॅशची कळ दाबली असती, तर निरोप पुन्हा ऐकता आला असता, आणि पावसाच्या आवाजात आमचा ‘सा’ बुडाला आहे हे आमच्याच कानांस कळले असते. एका कळेची ही किंमत आम्ही मोजली. वाचकांस ती मोजावी लागू नये, एवढाच हे सांगण्याचा हेतू.

कळ दाबल्याने यंत्रास कसे कळते

यंत्राची रीत समजली म्हणजे त्याची भीती जाते. बोलणे साठवून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. १८९८ साली डेन्मार्कमधील वाल्डेमार पौलसेन ह्याने पोलादी तारेवर चुंबकाच्या योगाने आवाज नोंदविण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि दूरध्वनीवरील माणूस जागेवर नसताना त्याच्यासाठी निरोप ठेवता यावा, हा त्यातील एक उद्देश होता. तथापि निरोप ठेवणाराने त्या यंत्रास आज्ञा देण्याची सोय फार पुढे झाली.

आपल्याकडे मुंबईस १८८२ साली दूरध्वनीचे केंद्र सुरू झाले. पुढे आलेल्या तबकडीच्या दूरध्वनीत आकडा फिरविला म्हणजे तारेतील प्रवाह तितक्या वेळा तुटे, आणि त्या खंडांवरून केंद्रास आकडा कळे. हे खंड केंद्रापुरतेच उपयोगी असत. पलीकडे जोडणी झाल्यावर दूरच्या यंत्रापर्यंत ते भरवशाने पोहोचत नसत. म्हणून तबकडी फिरवून निरोपाच्या यंत्रास आज्ञा देता येत नसे.

१९६३ साली अमेरिकेत कळांचा दूरध्वनी विक्रीस आला. त्यात प्रत्येक कळ दाबली असता एक नव्हे, दोन स्वर एकदम उमटतात. आडव्या ओळीचा एक आणि उभ्या ओळीचा एक. पाचाची कळ दाबली तर एक स्वर सेकंदास ७७० कंपांचा व दुसरा १३३६ कंपांचा. हे स्वर अशा हिशेबाने निवडले आहेत की, माणसाच्या बोलण्यात नेमकी तीच जोडी सहसा येऊ नये. म्हणून आपण बोलत असताही यंत्र कळ ओळखू शकते. बोलणे आणि कळ ही दोन्ही एकाच तारेने आवाजाच्या रूपाने जातात, हेच ह्या युक्तीचे मर्म होय. प्रथम दहाच कळा होत्या. १९६८ साली तारा आणि हॅश ह्या दोन कळा वाढविण्यात आल्या. पाकळ्यांच्या फुलासारखी खूण ती तारा, आणि दोन उभ्या व दोन आडव्या रेघांची चौकट ती हॅश. आकडे हे क्रमांकासाठी आणि ह्या दोन कळा आज्ञेसाठी, अशी वाटणी पुढे पुष्कळ ठिकाणी रूढ झाली.

१९७९ साली गॉर्डन मॅथ्यूज ह्या अमेरिकन गृहस्थाने संगणकावर निरोप साठवून कळांनी चालविण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९८३ साली ते एकस्व त्यास मिळाले. आज ज्यास व्हॉइस मेल म्हणतात, त्याचा व्यापारी प्रसार येथून वाढला.

निरोप ठेविताना देता येणाऱ्या आज्ञा

निरोप ठेवण्याच्या कामाचे पाच टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर काय करावे हे ठरलेले असावे.

पहिला टप्पा स्वागताच्या बोलण्याचा. यंत्र आधी काही सांगते. पुष्कळ यंत्रांत एखादी कळ दाबून हे बोलणे ओलांडता येते व सरळ शिट्टीपर्यंत जाता येते. परंतु ही कळ सर्वत्र एक नाही. अमेरिकेत २००९ साली डेव्हिड पोग ह्या पत्रकाराने ह्या लांबलचक सूचनांविरुद्ध मोहीम चालविली, तेव्हा एका कंपनीत तारा, दुसरीत हॅश आणि तिसरीत एकाची कळ, असा प्रकार होता. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि त्यांस वरचेवर निरोप ठेवावा लागतो, त्यांनी मुलांकडूनच त्यांची कळ विचारून घ्यावी. अनोळखी यंत्रापाशी मात्र सूचना एकदा पुरती ऐकावी. ती ऐकण्यात वेळ गेला असे वाटते, पण तो वेळ वाया जात नाही.

दुसरा टप्पा बोलण्याचा. शिट्टी वाजण्यापूर्वी बोललेले नोंदले जात नाही, म्हणून शिट्टी संपू द्यावी, एक श्वास घ्यावा आणि मग आरंभ करावा. मध्येच गप्प राहू नये. बराच वेळ शांतता राहिली तर काही यंत्रे निरोप संपला असे समजतात.

तिसरा टप्पा समाप्तीचा. येथे बहुधा हॅश दाबावयाची असते. ती दाबली म्हणजे यंत्र पुढील पर्याय सांगते. आम्ही चुकलो ते येथेच. फोन ठेवून दिला तरी निरोप बहुधा पोहोचतो, म्हणून लोकांस हॅशचे महत्त्व वाटत नाही. परंतु फोन ठेवणे म्हणजे तपासणीचा हक्क सोडणे होय.

चौथा टप्पा तपासणीचा. निरोप पुन्हा ऐकणे, तो पुसून नव्याने बोलणे, त्यात आणखी भर घालणे, अशा आज्ञा येथे मिळतात. काही ठिकाणी निरोप तातडीचा आहे अशी खूण करण्याचीही कळ असते, म्हणजे पलीकडच्यास तो इतरांच्या आधी ऐकू येतो. ही खूण खऱ्या तातडीसाठीच राखावी. जो प्रत्येक निरोप तातडीचा म्हणून धाडतो, त्याचा एकही निरोप तातडीने ऐकला जात नाही.

पाचवा टप्पा पाठविण्याचा. ‘आपला निरोप नोंदविला आहे’ अशा अर्थाचे शब्द कानी पडेपर्यंत फोन ठेवू नये.

मोबाइलवर ह्या कळा दाबताना एक अडचण येते. फोन कानाशी असता पडदा काळा होतो व कळा दिसत नाहीत. फोन कानापासून दूर धरावा, पडदा उजळला म्हणजे कीपॅडच्या खुणेवर बोट ठेवावे, आकड्यांच्या कळा पुढे येतात. ध्वनिवर्धक चालू करून घेतला तर यंत्राचे बोलणेही ऐकू येते व कळाही दिसतात. कळ क्षणभर दाबून धरावी. निसटता स्पर्श पुरेसा होत नाही.

व्हॉट्सअॅपवरील बोलका निरोप

आपल्या गावांतून व्हॉइस मेलपेक्षा व्हॉट्सअॅपवरील बोलका निरोपच अधिक चालतो. ही सोय २०१३ साली सुरू झाली. येथे आकड्यांच्या कळा नाहीत, पण आज्ञा त्याच आहेत. त्या बोटाच्या हालचालीने द्यावयाच्या असतात.

माइकची खूण दाबून धरली असता नोंद सुरू होते आणि बोट उचलताच निरोप निघून जातो. हीच रीत बहुतेकांस ठाऊक आहे, आणि हीच सर्वांत धोक्याची आहे, कारण तीत तपासणीचा टप्पाच नाही. त्याऐवजी माइक दाबून बोट वरच्या बाजूस सरकवावे, म्हणजे कुलूप लागून नोंद आपोआप चालू राहते व हात मोकळा होतो. बोलणे झाले म्हणजे थांबविण्याच्या खुणेवर बोट ठेवावे. २०२२ सालापासून येथे निरोप थांबवून पुन्हा सुरू करण्याची आणि पाठविण्यापूर्वी ऐकून पाहण्याची सोय झाली आहे. ऐकून समाधान न झाल्यास टोपलीच्या खुणेने पुसावा. झाल्यास बाणाच्या खुणेने पाठवावा. दाबून धरून बोलत असता मध्येच रद्द करावयाचे असेल, तर बोट न उचलता डावीकडे सरकवावे.

पाठविलेला निरोप सर्वांसाठी पुसण्याची मुदत २०२२ साली सुमारे अडीच दिवसांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु ऐकला गेलेला निरोप पुसल्याने कानांतून पुसला जात नाही. म्हणून ‘चुकले तर पुसू’ ह्या भरवशावर बोलू नये.

साठाचे आठ का होतात

आता बोलण्याच्या रीतीकडे वळू. साध्या दूरध्वनीवरून सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपांच्या दरम्यानचे ध्वनीच पुढे जातात. ‘स’ आणि ‘श’ ह्या वर्णांचा सीत्कार ४००० कंपांच्याही वर पुष्कळसा पसरलेला असतो, म्हणजे त्याचा मोठा भाग वाटेतच गळतो. समोरासमोर बोलताना ही उणीव नसते. शिवाय बोलणाराच्या ओठांवरूनही आपण शब्द ओळखतो. दूरध्वनीवर दोन्ही आधार गेले, त्यात पाऊस किंवा गाडीचे यंत्र आवाज करीत असले, म्हणजे ‘साठ’चा ‘आठ’ होण्यास वेळ लागत नाही. नव्या पद्धतीच्या मोबाइल जोडणीत ही मर्यादा वाढविलेली आहे, परंतु दोन्ही टोके व मधला सर्व मार्ग तसा असेल तरच तिचा लाभ होतो.

शिवाय मराठी आकड्यांची घडणच अशी आहे की, एक वर्ण निसटला तर दशक बदलते. पंचवीस आणि पस्तीस, सत्तावीस आणि सदतीस, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, बासष्ट आणि बाहत्तर, ह्या जोड्या बोलून पाहाव्यात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्या वाचण्याची रीत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमची ‘एकवीस’, ‘बावीस’ ही नावे आम्हांस प्रिय आहेत. परंतु यंत्रापाशी बोलताना नाव सांगून वर अंकही सुटे सांगावेत. ‘साठ, सहा शून्य.’ ‘पस्तीस, तीन पाच.’ एवढ्याने संशयास जागा उरत नाही.

दीड, अडीच, सव्वा, पावणे ह्या शब्दांसही तोच नियम. ‘अडीचशे, दोन पाच शून्य’ असे म्हणावे. ‘भाव साडेतीन’ म्हटल्यास साडेतीनशे की साडेतीन हजार, हे बोलणाऱ्यास ठाऊक असते, ऐकणाऱ्यास असेलच असे नाही. वाहनाच्या क्रमांकातील इंग्रजी अक्षरांत बी, डी, पी, टी आणि एम, एन ह्यांची गल्लत नेहमी होते. तेथे ‘बी बटाट्याचा’, ‘डी डाळिंबाचा’ अशी ओळख जोडावी. मोबाइलचा दहा अंकी क्रमांक पाच-पाच अंकांच्या दोन तुकड्यांत, एकेक अंक सुटा, सावकाश, आणि दोनदा सांगावा. ऐकणाराच्या हाती पेन्सिल आहे असे समजून त्याच्या लिहिण्याच्या वेगाने बोलावे.

मापाची गल्लत तर पीकच जाळते. औषधाचे प्रमाण लिटरास २ मिलिलिटर असेल, तर १५ लिटरांच्या पंपास ३० मिलिलिटर होतात. निरोपात नुसते ‘तीस मिली टाका’ असे सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते लिटरास समजले, तर पंधरापट औषध पानांवर पडेल. म्हणून प्रमाण सांगताना ‘पंधरा लिटर पाण्याच्या एका पंपास तीस, तीन शून्य, मिलिलिटर’ असे संपूर्ण वाक्य बोलावे. गड्यास औषधाचे प्रमाण बोलक्या निरोपाने कळवावयाचे असेल, तर त्याने ते आपणांस परत म्हणून दाखविल्यावाचून फवारणी सुरू करू नये, असा घरचा नियम असावा.

निरोपाची घडण

पत्रास जसा मायना, मजकूर व सही असते, तशी निरोपासही घडण हवी. ती अशी :

१. कोण बोलतो : नाव व गाव. ‘मी बोलतोय’ एवढ्याने ओळख पटत नाही.
२. केव्हा बोलतो : वार व वेळ. ‘आत्ता’ आणि ‘उद्या’ हे शब्द ऐकणाराच्या घड्याळाप्रमाणे अर्थ बदलतात.
३. काय झाले : एका वाक्यात.
४. कोठे व किती : ठिकाण, बाजू, नग, वजन. आकडे दोन रीतींनी.
५. काय हवे : ‘काही तरी करा’ असे नव्हे, तर नेमके काय.
६. कोणाशी बोलावे : क्रमांक, दोनदा.
७. उत्तर न आल्यास आपण काय करू आणि केव्हा.

सातवे कलम बहुतेक जण विसरतात, आणि खरे पाहता ते सर्वांत मोलाचे आहे. निरोप ऐकला गेला की नाही हे आपणांस कळत नाही. आपण वाट पाहत बसतो व पलीकडचा समजतो की ह्यांनी काही व्यवस्था केली असेल. दोघे एकमेकांच्या भरवशावर आणि माल रस्त्यावर. मुदत सांगून ठेवली म्हणजे ही कोंडी सुटते.

ह्या घडणीने आमचा त्या रात्रीचा निरोप असा व्हावयास हवा होता :

‘नमस्कार शेठ. मी अमुक गावचा अमुक बोलतो. आज मंगळवार, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटे. टोमॅटोची गाडी बंद पडली आहे. ठिकाण रबाळे स्थानकासमोर, ठाण्याकडून तुर्भ्यास जाणारी बाजू. माल साठ कॅरेट, सहा शून्य. एवढे मावतील असा चारचाकी टेम्पो व दोन हमाल धाडावे. चालकाचा क्रमांक सांगतो, लिहून घ्यावा. पुन्हा सांगतो. पावणेतीनपर्यंत आपला फोन आला नाही, तर आम्ही इकडूनच टेम्पो ठरवू व तसे कळवू.’

हा निरोप बोलावयास मिनिटभर पुरतो. आम्ही बोललो तो दहा सेकंदांत आटोपला. वाचलेल्या त्या वेळाचा हिशेब वर दिलाच आहे.

सल्ला विचारताना

शेतकऱ्यांस तज्ज्ञांचा सल्ला दूरध्वनीवर मिळावा म्हणून केंद्र शासनाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर ही योजना सुरू केली. तिचा निःशुल्क क्रमांक १८००–१८०–१५५१ असा असून सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत शेतकीचे पदवीधर मराठीतही उत्तरे देतात. पुढे ह्या केंद्रांची रचना सुधारण्यात आली, तेव्हा सर्व मार्ग गुंतलेले असता किंवा केंद्र बंद असता शेतकऱ्याने आपला प्रश्न बोलून ठेवावा व केंद्राने त्यास उलट फोन करावा, अशी व्हॉइस मेलची योजनाही तीत अंतर्भूत करण्यात आली.

अशा ठिकाणी प्रश्न ठेविताना वरील सात कलमांत शेतीची माहिती भरावी : जिल्हा व तालुका, पीक व वाण, पेरणीची किंवा लागणीची तारीख, क्षेत्र, लक्षण पानावर की खोडावर, खालच्या पानांवर की शेंड्यास, केव्हापासून, आणि आजवर काय फवारले. ‘पाने पिवळी पडली, काय करू?’ ह्या प्रश्नास कोणताही शहाणा माणूस आणखी पाच प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देणार नाही. ते पाच प्रश्न यंत्र विचारणार नाही, हे ध्यानात धरावे.

ह्या कामी शेजारच्या गुजरातचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे ‘आवाज ओटलो’ ह्या नावाची सेवा नील पटेल व त्यांचे सहकारी ह्यांनी एका ग्रामविकास संस्थेच्या साह्याने उभारली होती. ओटलो म्हणजे आपला ओटा. शेतकऱ्याने फोन करून प्रश्न बोलून ठेवावा, इतरांचे प्रश्न व उत्तरे ऐकावीत, अशी तीत सोय होती. सात महिन्यांच्या प्रयोगात ५१ शेतकऱ्यांनी तिचा वापर केला. ती उभारताना एक प्रश्न निघाला. यंत्रास आज्ञा तोंडाने बोलून द्याव्यात की कळ दाबून? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत असे आढळले की, कळ दाबून आज्ञा देणाऱ्यांचे काम अधिक वेळा तडीस गेले. ज्यांस वाटते की कळा ही शहरी मंडळींची विद्या आहे, त्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा. ती खेड्यातील शेतकऱ्यांच्याच हातांस अधिक मानवली.

निरोप विरत नाही

शेवटी एक सावधगिरी. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो ही समजूत आता सोडली पाहिजे. ज्या रबाळ्यास आमची गाडी अडली, त्या परिसरातील गावे एके काळी खाडीकाठची आगरी-कोळ्यांची वस्ती. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हा त्यांचा निर्वाह. १९७० साली सिडको स्थापन झाली, गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, टेकड्यांच्या बाजूस कारखाने आले. आज त्याच रबाळे–ऐरोली–महापे पट्ट्यात संगणकांची प्रचंड कोठारे उभी आहेत. त्यांस डेटा सेंटर म्हणतात. आपला एखादा निरोप कोणत्या कोठारात पडून आहे हे आपणांस दिसत नाही. परंतु तो कोठे तरी साठविलेला असतो, आणि पुन्हा ऐकता किंवा दुसऱ्यास ऐकविता येतो, एवढे निश्चित. ज्या रानी पीक कापून वर्षाचे धान्य भरीत, त्या रानी आता लोकांची बोलणी भरून ठेवितात.

म्हणून निरोप हा लेखी कागदाइतकाच जपून द्यावा. बँकेचा खातेक्रमांक, गुप्त आकडा, मोबाइलवर येणारा एकवेळचा ओटीपी ह्यांपैकी काहीही यंत्रापाशी बोलू नये. रागाच्या भरात निरोप ठेवू नये. ठेविला असेल तर पाठविण्यापूर्वी स्वतः ऐकावा, आणि मग पुसून टाकण्याची कळ कोणती हे वेगळे सांगावे लागणार नाही. उलटपक्षी, भाव, नग आणि तारीख ठरविण्याचे निरोप जपून ठेवावेत, म्हणजे पुढे वाद पडल्यास कामी येतात.

निरोप ऐकणारासही कर्तव्य आहे. ‘पोहोचला’ एवढे म्हणून भागत नाही. ‘साठ कॅरेट, रबाळे, चारचाकी टेम्पो निघाला’ असा मुख्य मजकूर परत म्हणून दाखवावा. पूर्वीचा निरोप्या परत येऊन सांगे, तेव्हाच निरोप पुरा झाला असे मानीत. तो नियम आजही मोडलेला नाही.

घरी करावयाचा अभ्यास

१. घरातीलच एका माणसास व्हॉट्सअॅपवर बोलका निरोप नोंदवावा. तो थांबवावा, ऐकावा, एकदा पुसावा, पुन्हा बोलावा, आणि मगच पाठवावा. हे तीनदा करावे.
२. पंप चालू असता त्याच्याजवळ उभे राहून साठ, आठ, सात, पंचवीस, पस्तीस हे आकडे नोंदवावेत, आणि संध्याकाळी ते दुसऱ्याकडून लिहवून घ्यावेत. किती चुकतात ते मोजावे.
३. मालाची गाडी निघण्यापूर्वी सात कलमांचा कागद लिहून चालकाजवळ व आपल्याजवळ एकेक ठेवावा. गाडी अडल्यावर डोके ठिकाणावर नसते. कागद ठिकाणावर असतो.

आमच्या गाडीत आता असा कागद नेहमी असतो. त्याच्या शिरोभागी आम्ही दोनच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत : ‘हॅश दाबा.’